निळ्या शाईचा शेरा

डोंबिवली (पूर्व)
९ जुलै २०२४

प्रिय मालन,

शनिवारी अर्धी शाळा सुटली की आपण दोघी मागच्या नळावर सिस्टर क्लॅरांची पेनं धुवायचो, आठवतं? तू लाल धुवायचीस, मी निळं. एकदा आपण अदलाबदल केली आणि तुझ्या हातून निळ्या शाईची दौत निसटली. कोपरापर्यंत निळी झालीस. तशीच घरी गेलीस, तर तुझ्या आई, मनुमावशी, म्हणाल्या होत्या, "आज शालंत शाईवालं माकुल साफ करवलंन का गो तुमच्याकडून?" दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन त्या आमच्या दाराशी आल्या तेव्हा माझ्या आईलाही त्यांनी हीच गोष्ट सांगितली आणि दोघी बाजारच्या गोष्टी विसरून हसत बसल्या. मी दारामागे उभी होते. आदल्या दिवशी वर्गात माझ्या शेजारी बसलेल्या मुलीची आई आमच्या उंबऱ्याबाहेर बसून पापलेट कापते आहे, याचं मला तेव्हा काय वाटलं होतं, ते आता नीट सांगता येणार नाही. लाज वाटली होती, एवढं नक्की. कोणाची, ते ठाऊक नाही.

सव्वीस वर्षांनी पत्र येतं आणि त्यात शाईची गोष्ट, असं म्हणशील. कारण आहे.

आमची बिल्डिंग पाडणार आहेत. रीडेव्हलपमेंट. ऑगस्टअखेर जागा सोडायची. हे गेल्यापासून मी एकटीच आहे, म्हणून प्राची मला ठाण्याला तिच्याकडे नेते आहे, वागळे इस्टेटच्या बाजूला. प्राचीला तू शेवटचं पाहिलंस तेव्हा ती कॉलेजात होती. आता तिची मुलगी सान्वी बावीस वर्षांची आहे, इंग्रजीत एम. ए. करते. तीच सध्या इथे राहून मला माळा रिकामा करायला मदत करते आहे.

तिने प्रबंधासाठी विषय घेतलाय तो ऐकून तू हसशील. इंग्रजीतली जोडक्रियापदं, आणि आपल्याकडचे लोक ती कशी वापरतात. कुठे शेपूट जोडतात, कुठे कापतात. म्हणजे आपण 'कोप अप' म्हणतो, तिकडचे लोक नुसतं 'कोप' म्हणतात. उलट ते 'ड्रॉप ऑफ' म्हणतील तिथे आपण "मला स्टेशनला ड्रॉप कर" म्हणून मोकळे. आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना आहे, सभासदांनी फॉर्म 'फिल अप' करून 'रिटर्न बॅक' करावा. मी ती रोज मनातल्या मनात खोडायची. सान्वीने तिचा फोटो काढला, लग्नाचे फोटो काढताना आनंद होतो तसा तिला झाला.

मी म्हटलं, "अगं, चुका आहेत त्या."

ती म्हणाली, "आजी, माझ्या तक्त्यात चूक-बरोबर असा कॉलमच नाहीये."

"मग काय आहे?"

"कोण, कुठे, किती वेळा."

तिला जुने लिखित नमुने हवे होते. माळ्यावरच्या गठ्ठ्यात तिला तुझा एक कागद मिळाला. अठ्ठ्याण्णव सालचा, आपण दोघी शिकवायचो त्या शाळेत पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी तू लिहिलेलं निवेदन. एका पानात अकरा नमुने. ती उडालीच. तिला तो प्रबंधात वापरायचाय, पण लिहिणाऱ्याच्या सहीशिवाय वापरता येत नाही असा नियम आहे. संमतीचा फॉर्म सोबत जोडला आहे. नाव हवं तर घालतील, नको तर नाही.

कागद माझ्याकडे कसा, असं विचारशील. मी त्या पदावर असताना ऑफिसचं कपाट आवरलं, तेव्हा जुन्या फायलींत मिळाला. त्या जागेसाठी मी अर्जही केला नव्हता, हे तुला माहीत आहेच. कागदावर कोणीतरी लाल खुणा केल्या आहेत. तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुझी
उत्तरा


डोंबिवली
२८ जुलै २०२४

प्रिय मालन,

तुझं उत्तर नाही म्हटल्यावर सान्वी परवा स्वतःच चेंदणी कोळीवाड्यात आली. मी तिला पाठवलं नव्हतं. पण अडवलंही नाही.

परत येऊन तिने सगळं सांगितलं. तुझ्या ओटीवर दहाबारा मुलं अभ्यासाला बसली होती, तू त्यांना पाढे म्हणायला लावून आत आलीस. सुनेने, मेघालीने, चहा केला. सान्वी मला म्हणाली, "आजी, त्या फार भारी बोलतात गं. मला म्हणाल्या, बस, घाबरू नको, मी काय चावत नाय." मग तू चष्मा लावून कागद वाचलास. सावकाश वाचलास म्हणे. पालटून मागची बाजू बघितलीस. पुन्हा पुढची. आणि म्हणालीस:

"हा अर्धाच तपासलाय."

सान्वीला कळेना. ती म्हणाली, "नाही मावशी, अकराच्या अकरा मार्क केलेत."

"लाल दिसतंय गो मला. निळं कुठाय? तुझ्या आज्जीला विचार. कागद पुरा करून आण, मग सही देते."

आणि तिच्या हातात सुकटीच्या चटणीचा डबा दिलास.

सान्वीने येऊन मला विचारलं. मी म्हटलं, "मला काय माहीत, शाळेतलं जुनं काहीतरी असेल." चटणी मात्र मी एकटीने संपवली. तांदळाच्या भाकरीबरोबर, दोन दिवसांत. सान्वी बघत होती.

तिचा हल्लीचा उद्योग सांगते. आठवडाभर माझ्या परवानगीने ती फोनवर माझं बोलणं टिपून घेत होती. काल मला तक्ता दाखवला. त्यावर लिहिलंय: 'उ., ६८, स्त्री, कॉन्व्हेंट'. खाली माझी वाक्यं. बँकेतल्या मुलाला मी म्हणाले होते, मी फॉर्म 'फिल अप' केलाय. गॅसवाल्याला, तुम्ही 'रिव्हर्ट बॅक' करा. प्राचीला, या वयात मला सामानाची बांधाबांध 'कोप अप' होत नाही. कॉन्व्हेंटच्या गेटटुगेदरमधल्या बायकांना विचारत होते की तुम्ही कोणत्या साली 'पास आउट' झालात. मी म्हटलं, हे मी बोलूच शकत नाही. तिने ऐकवलं. माझाच आवाज. सिस्टर क्लॅरांनी घडवलेले स्वच्छ उच्चार, आणि त्यात हे सगळं.

"तुझ्या त्या मैत्रिणीच्या कागदावरच्या अकरातली सात तू स्वतः वापरतेस," सान्वी म्हणाली. चिडवत नव्हती. तिला ते खरंच सुंदर वाटत होतं, एका गावच्या दोन बायका एकसारखं बोलतात हे. मला म्हणाली, "आणि आजी, तुमच्या सिस्टर कुठल्या होत्या?" मी म्हटलं, मंगळूरच्या. तेव्हा मला एकदम आठवलं. सिस्टर वर्गात काय म्हणायच्या? चिल्ड्रेन, नुसतं घोकून 'मग अप' करू नका. आणि तास संपला की, 'ऑफ' करा तो पंखा.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, कोणीतरी लाल खुणा केल्या आहेत. कोणीतरी नाही. मी केल्या.

आज एवढंच लिहवतंय.

उत्तरा


डोंबिवली
४ ऑगस्ट २०२४

प्रिय मालन,

सात दिवस या कागदासमोर बसते आणि उठते. आज घरातलं कपाट गेलं, त्यामुळे उठून आवरायलाही काही उरलं नाही.

मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं तो जूनचा पहिला आठवडा होता. त्या म्हणाल्या, "मालनबाईंचं निवेदन आलंय. कमिटीला इंग्रजीचं फारसं कळत नाही. तुम्ही एकदा नजर घाला." बास. यापलीकडे त्यांनी काही सांगितलं नाही. लाल पेन घ्या असंही सांगितलं नाही. ते मी घेतलं.

मी तो कागद घरी आणला. जेवणाच्या टेबलावर बसून पूर्ण वाचला. मालन, तू त्यात काय लिहिलं होतंस ते मला सव्वीस वर्षं पाठ आहे. तू लिहिलं होतंस की आपल्या शाळेत अशी चाळीस मुलं आहेत ज्यांच्या आया पहाटे चारला माल घ्यायला घर सोडतात. ही मुलं गृहपाठाशी 'कोप अप' करू शकत नाहीत. हा आळस नाही. त्यांना घरी दिवा आहे पण विचारायला माणूस नाही. मला हे पद मिळालं तर मी रोज सहापर्यंत 'स्टे बॅक' करेन, फक्त एक खोली उघडी ठेवा. पंखा नसला तरी चालेल.

त्याच्याखाली तू लिहिलं होतंस की मी स्वतः अशा घरातून 'पास आउट' झाले आहे, कारण एका सिस्टरने माझ्यासाठी एक खोली उघडी ठेवली होती.

इतकं चांगलं निवेदन त्या शाळेत कोणी कधी लिहिलं नसेल. मला ते वाचतानाच कळलं. मी लिहिलं असतं तर त्यात एकही चूक नसती, आणि एक माणूसही नसता. हेही तेव्हाच कळलं.

मग मी अधोरेखित करत गेले. एक, दोन, तीन. 'कोप अप'खाली रेघ. 'पास आउट'खाली रेघ. 'डिस्कस अबाउट'खाली रेघ. 'स्टे बॅक' तर बरोबरच होतं, तुला माहीत आहे? तरी मी त्याच्याखाली रेघ मारली. हात थांबेना. शेवटी कडेला आकडा लिहिला, अकरा, आणि त्याभोवती गोल.

सिस्टर क्लॅरांचा नियम आपल्या दोघींइतका कोणाला ठाऊक होता? चुका लालने, शेरा निळ्याने. आणि नुसतं लाल केलेला कागद मुलीच्या हातात परत जाता कामा नये. मुलीने काहीतरी लिहिलंय, ते काय लिहिलंय हे तुम्हाला पोचलं, एवढं तरी निळ्याने लिहायलाच हवं. आपण दोघींनी अठरा वर्षं तो नियम पाळला. डोंबिवलीच्या त्या शाळेत दोन पेनं घेऊन फिरणाऱ्या आपण दोघीच होतो. मुलं आपल्याला लाल-निळी म्हणायची.

निळं पेन त्या दिवशी माझ्या पर्समध्ये होतं. मी काढलं नाही. खाली अर्धा इंच जागा होती. मी कागद तसाच पाकिटात घालून मोठ्या बाईंना दिला. तोंडाने एक शब्द बोलले नाही. तुझी निवड करू नका असं मी कधी म्हटलं नाही, म्हणून इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की मी काही केलं नाही.

मी अर्ज केला नव्हता, हे पुन्हा पहिल्या पत्रात लिहिलं. खरंच केला नव्हता. पण ज्याला तपासायला देतात त्यालाच शेवटी जागा देतात, हे मला माहीत होतं. चौदा वर्षं त्या खुर्चीवर बसले. चौदा वर्षांत ती एक खोली मी उघडी ठेवली नाही. किल्ली माझ्याच टेबलाच्या खणात असायची.

तू शाळा सोडून गेलीस त्या दिवशी फाटकाशी मी तुला म्हटलं, "फार वाईट वाटलं गं मला." तू माझ्याकडे बघितलंस. "हो ना," म्हणालीस. हातात तुझा चहाचा मग होता आणि डिक्शनरी. तुला तेव्हा कागद दाखवला होता की नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. कागद पाहिला असशील तर रेघा कोणाच्या हे ओळखलं नसशील, असं मी धरून चालले. लाल पेन काय कोणाकडेही असतं.

पण खाली निळं नाही, यावरून तू ओळखलंस. दुसऱ्या कोणी तपासला असता, तर निळं शोधायला तू गेलीच नसतीस.

माफी हा शब्द मी या पत्रात लिहिलेला नाही. तो लिहिला की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर पुन्हा काही लादायची माझी इच्छा नाही. जे झालं ते जसं झालं तसं लिहून द्यायचं होतं, ते दिलं.

कागद मी पुरा करते. तुला पटला तरच सही कर. सान्वीला मी आज सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि उठून माझ्यासाठी चहा ठेवला. तिच्या तक्त्यात यासाठीही कॉलम नाही.

उत्तरा


डोंबिवली
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय मालन,

मंगळवारी दुपारी फोन वाजला तेव्हा मी रद्दीवाल्याशी बोलत होते. नंबर अनोळखी होता म्हणून उचलणार नव्हते.

"काय गो उत्तरे, शाई वाळली का नाय अजून?"

मी रद्दीवाल्याला हाताने थांबवलं. तू म्हणालीस, "अगं बोल. फोनवर गप बसायला पैसे लागत नाय हल्ली, पण मला मुलं घ्यायचीत चारला."

मग मी काय बोलले ते मला आठवत नाही. तू बोललीस ते आठवतंय. म्हणालीस, "चुका काढल्यास त्याचं मला काही नव्हतं. चुका तू माझ्या आठवीपासून काढतेस. मी घरी जाऊन त्या आईला सांगायची, आई म्हणायची, तुजी मैत्रीण बरी हाय गो, फुकट शिकवते. पण तू वाचलंस आणि वाचलं म्हणाली नाहीस. तेवढं मी विसरले नाही. विसरणारही नाही, आधीच सांगते."

मी म्हटलं, "नको विसरू."

"बरं. खोली मी माझ्या ओटीवर उघडली. पंचवीस वर्षं झाली. पंखा पण आहे." आणि मग हसलीस. तुझं ते हसणं, नाकातून सुरू होणारं. म्हणालीस, "तुझी नात चांगली आहे. ती मला विचारत होती, तुमच्याकडे मुलं काय काय बोलतात. मी म्हटलं बस इथे आणि ऐक. माझा मुलगा दर्शन फोनवर गिऱ्हाइकांशी काय इंग्रजी फाडतो ते ऐकलंस तर तुझा अख्खा प्रबंध एका दुपारी होईल."

फोन ठेवताना म्हणालीस, "कागद आण." मालन, 'पाठव' म्हणाली नाहीस. मी ते लक्षात ठेवलं आहे.

शेरा मी काल सकाळी लिहिला. सान्वीने नवी दौत आणून दिली, कारण माझं जुनं पेन सुकून गेलं होतं. कोमट पाण्यात तासभर ठेवलं, आपण नळावर करायचो तसं. त्या अर्ध्या इंचात मावेल एवढंच लिहायचं होतं. इंग्रजीत लिहावं की मराठीत, यात बराच वेळ गेला. शेवटी मराठीत लिहिलं, कारण इंग्रजीत मी पुन्हा चुका टाळत बसले असते. काय लिहिलं ते तू कागदावरच वाच. फार नाही, दोन ओळी आहेत. 'स्टे बॅक'खालची रेघ मात्र मी खोडली आहे आणि शेजारी माझी सही केली आहे, कारण ती चूक माझी होती.

पंचवीसला ट्रक येणार. सामान कमीच आहे. कोणाला काय द्यायचं ते सान्वीजवळ लिहून ठेवलंय, तरी तुलाही कळवते, म्हणजे एक प्रत बाहेर राहील.

मोठी डिक्शनरी आणि व्याकरणाची पुस्तकं सान्वीची. समासात माझ्या पेन्सिलच्या खुणा आहेत, तिला हव्या तर ठेवाव्यात, नाहीतर पुसाव्यात. तिच्या प्रबंधात माझं नाव घालू नये असं मी आधी म्हटलं होतं. आता घालावं. 'उ., ६८' नको, पूर्ण नाव.

जेवणाचं टेबल प्राची मागते आहे. तिला देऊ नका. ते तुझ्या ओटीवर पाठवते, सहा मुलं सहज बसतात. एक पाय हलतो, दर्शनला खाली पुठ्ठा लावायला सांग. प्राचीला हे कळलं तर ती ओरडेल. मी तिला सांगितलंय की टेबल तुझं होतं, फक्त इतकी वर्षं माझ्याकडे राहिलं.

भांड्यांतली मोठी पातेली खालच्या सखुबाईंना, त्या मागतील ती सगळी.

सिस्टर क्लॅरांचा माझ्याजवळचा एकमेव फोटो, ज्यात आपण दोघी कडेला उभ्या आहोत आणि तुझा हात निळा आहे, तो मेघालीला. तिने कधी आपल्याला त्या वयात पाहिलेलं नाही. फोटो काळापांढरा आहे, निळा रंग दिसत नाही, तिला सांगावं लागेल.

निवेदनाचा मूळ कागद तुझा. सान्वीने झेरॉक्स ठेवली आहे, सही दिलीस तर वापरेल, नाही दिलीस तर फाडून टाकेल, असं तिने मला कबूल केलंय.

माझी ही चार पत्रं तुझ्याकडेच राहू देत. लाल पेन कॅप लावून पाकिटात घातलं आहे. त्यांत चुका सापडतील, मला आताच दोन दिसतायत. त्या काढ.

आणि दौत तुझी. जवळजवळ भरलेली आहे, मी फक्त दोन ओळींपुरती वापरली. सव्वीसला, सोमवारी, अकराच्या सुमारास मी रिक्षाने कोळीवाड्यात येते. पत्रं तपासून झाली असतील तर खाली जागा सोडली आहे. अर्धा इंच.

तुझी
उत्तरा